शुभाच्या गाडीचे कडक स्प्रिंग

छत्रपती संभाजीनगरहून परत आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, वेरूळ पाहिलंत का, अजिंठा केलंत का? दोन्ही नाही. मी तिथं जाऊन एका निळ्या मोटारीची खालची बाजू पाहिली, तीही मान वर करून, चिकलठाण्याच्या एका गॅरेजात. त्या मोटारीने मला जे काही करायला लावलं ते लिहून ठेवावंसं वाटतं, म्हणून हा प्रपंच.

मी चिपळूणला ड्रायव्हिंग स्कूल चालवते. आमची गाडी छोटी, पांढरी, पुढे-मागे लाल एल. शिकणारा उजवीकडे बसतो आणि मी डावीकडे, माझ्या पायाखाली वेगळा ब्रेक आणि वेगळा क्लच. दिवसभर गाडीत असूनही स्टिअरिंग माझ्या हातात क्वचितच येतं. माझी धाकटी बहीण शुभा हिलाही गाडी मीच शिकवली, लग्नाच्या आधी, उक्ताडच्या रस्त्यावर. आता तिचा चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत रबरी वॉशर बनवण्याचा कारखाना आहे आणि दारात परदेशी बनावटीची, गडद निळी, लांबलचक सेडान आहे.

जानेवारीत तिचा फोन आला. "ताई, गाडीचं सस्पेन्शन बदलतेय. वळणावर होडीसारखी कलते. तू ये. गाडीतलं कळणारं माणूस माझ्याकडे दुसरं कोण आहे?"

गाडीतलं कळणारं माणूस मी, आणि गाडी तिची. फोन ठेवल्यावर बराच वेळ मी हेच घोळवत होते. मग बॅग भरली.

बसस्थानक ते पुंडलिकनगर

शुभा मला घ्यायला आली. गाडीचं दार लागलं त्याचा आवाजसुद्धा झाला नाही, बाहेरचा गोंगाट मात्र एकदम बंद झाला. क्रांती चौकातून जालना रोडला लागलो तेव्हा लक्षात आलं, रस्त्यातले खड्डे मला दिसत होते पण जाणवत नव्हते. गतिरोधक आला की गाडी उशीसारखी वर यायची आणि अलगद खाली बसायची. चिपळूणच्या माझ्या गाडीत शिकणाऱ्याने एक खड्डा चुकवला नाही तर संध्याकाळपर्यंत माझी पाठ बोलते. आणि हिला हे आवडत नव्हतं!

"बघ, बघ आता," ती म्हणाली आणि सेव्हन हिलच्या वळणावर गाडी जरा जोरात घातली. गाडी एका अंगावर कलली. "बघितलंस? लई डुलते."

'लई' ऐकून मी तिच्याकडे पाहिलं. घरी आम्ही 'खूप' म्हणतो. ती पार इथली झाली होती. रस्त्यात आडव्या येणाऱ्या रिक्षावाल्याला काच खाली करून ती "कायकू मरते मियाँ?" असं म्हणाली आणि तो हसून बाजूला झाला. मला ते जमलं नसतं.

पुंडलिकनगरात तिचं दुमजली घर आहे. तिचे यजमान विलासराव कामासाठी हैदराबादला गेले होते. घरी होत्या तिच्या सासूबाई. सगळं घर त्यांना माय म्हणतं, म्हणून मीही म्हणू लागले. सिल्लोडजवळच्या गावात त्यांची शेती. मणक्याच्या दुखण्यासाठी पंधरवड्याला शहरातल्या डॉक्टरकडे यावं लागतं, म्हणून आता त्यांचा मुक्काम अर्धा गावी आणि अर्धा इथं. गरम भाकरी आणि येसराची, म्हणजे भाजक्या धान्य-मसाल्याच्या पिठाची, आमटी माझ्यापुढे सरकवत त्या म्हणाल्या, "खा ताई. तुमच्याकडं भात खात्यात ना समदे? त्यानं काय जोर येतोय?"

मी भातावर वाढलेलं माणूस. तरी त्या आमटीसाठी दुसरी भाकरी घेतली.

जेवताना शुभाने सांगितलं की गाडी घ्यायला मायच मागे लागल्या होत्या. कारखाना सुरू करताना सासरी सगळे नको म्हणत असताना एकट्या माय तिच्या बाजूने उभ्या राहिल्या होत्या. म्हणून गाडी आली तेव्हा पहिल्यांदा मायना बसवलं. मला माझ्या सासूबाई आठवल्या. मी बाहेरच्या पुरुषांना गाडी शिकवते हे त्यांनी शेवटपर्यंत नातेवाइकांना सांगितलं नव्हतं. म्हणजे गाडी तर गाडी, सासूसुद्धा हिलाच चांगली मिळाली होती.

चिकलठाणा

अकबरभाईंचं गॅरेज विमानतळाच्या अलीकडे, जुन्या कारखान्याच्या शेडमध्ये आहे. शेड स्वच्छ होतं, पण दारातच कुत्री झोपलेली. अकबरभाई पन्नाशीचे, दाढीला मेंदी लावलेले. त्यांनी गाडी लिफ्टवर चढवली, चाकं काढली आणि जुने शॉकअप बाहेर घेतले. काळे, जाड, आळशी दिसणारे. नवे पेटीतून निघाले ते सडपातळ, त्यांवर लाल स्प्रिंग, अंगावर आटे पाडलेले. आट्यांवरची चकती फिरवली की गाडी वर किंवा खाली होते, आणि माथ्यावरचं बटण फिरवलं की चाल मऊ किंवा कडक.

मी एक स्प्रिंग हातात घेतला. चांगलाच जड होता. गाड्यांच्या मासिकांत मी असे स्प्रिंग कित्येकदा पाहिले आहेत. दुपारी क्लास नसला की ती मासिकं वाचत बसते. प्रत्यक्षात हातात आला तो पहिल्यांदाच, आणि तो जाणार होता शुभाच्या गाडीत. मी तो जरा जास्तच वेळ धरून ठेवला असावा, कारण अकबरभाई हात पुढे करून थांबले होते.

"कितना नीचे करना मॅडम?" त्यांनी विचारलं.

"एकदम खाली," शुभा म्हणाली. "आणि एकदम कडक."

"इत्ती नीची नक्को करो. अपने गली के स्पीडब्रेकर देखे ना आप?"

मी म्हटलं, "शुभा, दोन बोटं तरी वर राहू दे. आणि बटण मधोमध ठेव. मग हळूहळू वाढव."

ती हसली. "ताई, तुझ्या गाडीला लाल एल चिकटवलेला असतो. ही गाडी वेगळी आहे."

ती सहज बोलली, तिच्या ध्यानातही नसेल. पण मी तिथून उठले आणि बाहेर कुत्र्यांपाशी जाऊन उभी राहिले. हवी आहे ना खाली, होऊ दे खाली.

काम चालू होतं तोवर आम्ही रिक्षाने शहागंजला नान-खलिया खायला गेलो. केशरी-पिवळा जाडजूड नान आणि वर तेलाचा तवंग आलेलं मटण. आमच्याकडे पाहुणा आला की आधी मासळीबाजारात कोणी जायचं यावर चर्चा होते. इथे लोक मोठमोठ्या पातेल्यांसमोर डबे घेऊन रांगेत उभे होते. मालक शुभाला ओळखत होता. त्याने न मागता लिंबू आणि कांद्याची जास्तीची ताटली ठेवली. मी जेवत होते आणि मनात एकेक गोष्ट तिच्या बाजूला टाकत होते: गाडी, कारखाना, सासू, नानवाला.

संध्याकाळी गाडी मिळाली. खाली बसलेली, रुंद, झेप घेण्याआधी दबलेल्या मांजरासारखी. ती वाईट दिसावी अशी माझी फार इच्छा होती, पण ती देखणी दिसत होती. विमानतळापुढच्या मोकळ्या रस्त्यावर शुभाने ती पळवली. वळणावर गाडी जरासुद्धा कलली नाही. शुभा आनंदाने ओरडली. मी वाट पाहत होते की ती आता म्हणेल, ताई, घे, चालवून बघ. ती म्हणाली, "भूक लागली का गं?"

हर्सूल

दुसऱ्या दिवशी सकाळी मायना गावी सोडायचं होतं. शेतात हुरडा होता, माझ्यासाठी खास. माय नेहमीसारख्या पुढे बसल्या, मी मागे.

पुंडलिकनगरातल्या लोकांनी गल्लीत आपापल्या दारापुढे गतिरोधक घालून घेतले आहेत. पहिल्यावरच गाडी खालून खर्रर्र करून घासली.

"काय घासलं गं?" मायनी विचारलं.

"काही नाही माय."

दुसऱ्यावर गाडी आदळली. मायनी दाराची कडी धरली. "सुने, हिच्यात गादी व्हती की. कुठं गेली?"

"माय, सस्पेन्शन बदललंय. आता वळणावर कलत नाही."

"मी कव्हा म्हनले कलती म्हून? मला तर झोप लागायची हिच्यात."

मी खिडकीबाहेर पाहिलं, कारण मला हसू येत होतं. चांगलं हसू नव्हतं ते. दिल्ली गेटपुढे रस्ता खणलेला होता. प्रत्येक खड्डा स्टिअरिंगमधून, सीटमधून, थेट दातांपर्यंत येत होता. माय आधी बोलत होत्या, मग गप्प झाल्या आणि हर्सूल येईपर्यंत त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. तेव्हा माझं हसू गेलं.

"थांबव," त्या म्हणाल्या. बाजूला सिल्लोडकडे जाणारी काळी-पिवळी जीप भरत होती. माय कमरेवर हात ठेवून हळूहळू उतरल्या.

"माय, असं काय करता? मी हळू घेते ना," शुभा घाईने उतरून म्हणाली.

"तू हळू घेतलीस तरी गाडी कुठं ऐकती? जीपीत बाया हैत वळखीच्या. बोलत जाईन. तू ताईला घेऊन ये." आणि जीपमध्ये चढता चढता म्हणाल्या, "चांगल्या गाडीची बैलगाडी केलीस बघ."

जीप निघून गेली. शुभा परत येऊन बसली, पण गाडी सुरू करेना. डोळे भरले होते तिचे. "त्यांच्यासाठीच घेतली होती गं," ती म्हणाली. "आणि त्याच उतरून गेल्या."

काहीतरी धीराचं बोलायला हवं होतं. पण मनात आलं ते एवढंच, की दोन बोटं वर ठेव म्हणून मी सांगितलं होतं. मी उतरले आणि पुढच्या सीटवर जाऊन बसले.

चौक्याचा घाट

हर्सूल संपलं की थोड्या वेळाने चौक्याचा घाट लागतो. आमच्या कुंभार्ली घाटापुढे तो लहानच. उघडे डोंगर, पिवळं गवत, रानात कुठे कुठे कापसाची पांढरी बोंडं राहिलेली. रस्ता मात्र नवा, गुळगुळीत. तिथं शुभाने गाडी अशी काही चालवली, की मी बोलायचंच विसरले.

ती रागात होती, दुखावलेली होती, पण हात शांत होते. वळण यायच्या आत वेग कमी, वळणात पाय स्थिर, वळण सुटताना गाडी पुन्हा पुढे. गाडी रस्त्याला चिकटून चालली होती. माझा डावा पाय आणि उजवा पाय दोन्ही खालच्या गालिच्यावर नुसते ठेवलेले होते, मला एकदाही दाबावंसं वाटलं नाही. आणि तेव्हा मला खरा हेवा वाटला. गाडी पैशाने येते, त्याचं एवढं काही नाही. पण हे मी तिला शिकवलं नव्हतं. मी तिला शिकवलं होतं आरसा बघ, हात दाखव, क्लच हळू सोड. हे तिने स्वतः, कधीतरी, माझ्याशिवाय मिळवलं होतं.

"कुठे शिकलीस गं हे?" मी विचारलं.

"रोज कारखान्यातून उशिरा निघते. थोडी चक्कर मारून येते," ती म्हणाली. "बरं चालवते का?"

"बरं चालवतेस," मी म्हटलं. यापेक्षा जास्त माझ्या तोंडून निघेना.

सिल्लोडच्या अलीकडे

शेतात गोवऱ्यांच्या आगटीत कणसं भाजत होती. भाजलेलं कणीस तळहातावर चोळून, फुंकर मारून हिरवे गरम दाणे हातावर द्यायचे, सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि दही. आमच्याकडे असं शेतात बसून भाजून खायचं म्हटलं तर ओले काजू, तेही चिकाने हात पोळवून घेत. हुरड्याला असला काही त्रास नाही. माय आमच्या नंतर पोचल्या. शुभाने त्यांच्यासाठी पाठीला उशी लावून खाट तयार ठेवली होती. त्या खाटेवर बसल्या, पण बोलल्या माझ्याशीच.

"गोड हाय का ताई?"

"खूप गोड आहे."

"मंग खावा. लाजू नगा."

शुभा दाणे चोळून त्यांच्यापुढे ठेवत होती. त्या खात होत्या, तिच्याकडे न बघता. तासभर असंच चाललं. मला तिथे बसणं नको झालं. सकाळी मी मनात हसले होते, तेच सारखं आठवत होतं.

दुपारी मायच्या फोनवर डॉक्टरांकडून निरोप आला की ते बाहेरगावी जाणार आहेत, तेव्हा पुढच्या आठवड्याऐवजी आज संध्याकाळीच या. म्हणजे पुन्हा शहरात जायचं होतं. माय म्हणाल्या, "जीपीत बी हाडं खिळखिळी झाली. पर ह्या पोरीच्या हातात मी बसणार नाय." मग माझ्याकडे वळल्या. "ताई, तुमी शिकवता ना गाडी? तुमी चालवा."

शुभाने पर्समधून किल्ली काढली आणि माझ्या हातात ठेवली. माझ्याकडे पाहिलं नाही. मीही तिच्याकडे पाहिलं नाही, कारण माझा चेहरा तिने पाहू नये असं मला वाटत होतं.

निघण्याआधी बॉनेट आणि डिकी उघडून मी चारही बटणं मऊच्या बाजूला फिरवली. गाडी खालीच राहिली, पण चाल थोडी तरी नरमली. मग सीट पुढे घेतली, आरसे लावले. सिल्लोडच्या रस्त्यावर मी तीच गाडी चालवली जी मी रोज शिकवते. खड्डा लांबून पाहायचा, वेग आधीच सोडायचा, गतिरोधक तिरका घ्यायचा म्हणजे एकेक चाक वर चढतं. मक्याने भरलेले ट्रॅक्टर मला मागे टाकून गेले. एक सायकलवालाही काही वेळ सोबत होता. मागून शुभा म्हणाली, "डावीकडे खड्डा आहे."

"दिसतोय," मी म्हटलं.

फुलंब्रीच्या आधीच मायची मान सीटला टेकली. झोपल्या. मागच्या सीटवरून एक लांब श्वास ऐकू आला. त्यात सुटका होती आणि आणखीही काहीतरी होतं, ते मी चांगलं ओळखते.

आणि मग घाट आला. रिकामा, गुळगुळीत, उन्हात चमकणारा. शेजारी झोपलेली म्हातारी बाई, पायाखाली एवढी ताकद आणि आयुष्यात पहिल्यांदा असं स्टिअरिंग हातात. हळूच जावं हे मला कळत होतं. पण मला हेही कळत होतं, की जिथे खड्डा नाही तिथे कडक स्प्रिंगची ही गाडीच मायना सर्वांत कमी हलवेल. वळणावर कलणारच नाही, तर मान कशाला डुलेल?

मी पाय दाबला.

काटा कुठवर गेला ते लिहीत नाही, माझे विद्यार्थी हे वाचतील. पहिलं वळण, दुसरं, तिसरं. शुभाने सकाळी घेतली होती त्याच रेषेने, पण मी स्टिअरिंग तिच्याहून हळू फिरवत होते, इतकं हळू की गाडी वळतेय हे दरीकडे पाहिलं तरच कळावं. मायची मान जागची हलली नाही. चौथ्या वळणावर समोरून कापसाचा ट्रक आला, अर्धा आमच्या बाजूला. शुभाच्या तोंडून दबका चीत्कार निघाला. मी ब्रेक दाबला नाही, दाबला असता तर माय सीटबेल्टवर आदळल्या असत्या. पाय सोडला आणि गाडी रस्त्याच्या कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावर नेली. ट्रक गेला. गाडी जराही ढळली नाही, पट्ट्यावरून परत आत आली. माझ्या पाठीवरून घामाचा ओघळ गेला.

"ताई," मागून आवाज आला.

"काय?"

"काही नाही."

आरशात पाहिलं. शुभा माझ्या हातांकडे पाहत होती, काल मी लाल स्प्रिंगाकडे पाहत होते अगदी तशी.

हर्सूलच्या गर्दीत मायना जाग आली. "आलं का हर्सूल?" त्यांनी पदर सारखा केला. "बघ सुने. अशी चालवत्यात गाडी. हळू."

"हळू?" शुभा म्हणाली.

"व्हय. कुठं धक्का न्हाय का काय न्हाय."

शुभा पुढे वाकली. "ताई, थांबव. पुढं गर्दी आहे, मी घेते."

"राहू दे, जमतंय मला."

"माझी गाडी आहे, ताई."

"दवाखान्यापर्यंत त्यांच्याच हातात राहू दे," माय म्हणाल्या, आणि तो प्रश्न मिटला. दवाखान्यापर्यंत मी चालवली. हेवा गेला असं नाही. पण त्या दिवशी गाडीत तो एकट्या माझ्याकडे नव्हता.

परतीच्या दिवशी

निघायच्या सकाळी आम्ही पुन्हा अकबरभाईंकडे गेलो. त्यांनी गाडी वर उचलायला घेतली. "बोला था ना मॅडम," एवढंच ते म्हणाले. किती वर, ते शुभाने त्यांना विचारलं नाही, मला विचारलं. मी दोन बोटं दाखवली. मग तिने विचारलं, "आणि ट्रक आला तेव्हा ब्रेक का नाही दाबलास?" मी समजावून सांगितलं. तिने पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं, हातांनी दाखवून. मग मी तिला विचारलं, की वळण सुटताना नेमका कधी पाय द्यायचा, कारण ते मला तिच्यासारखं जमलं नव्हतं. तिने लगेच सांगितलं नाही. जरा वेळ मजा घेतली आणि मग सांगितलं.

गाडी लिफ्टवर होती म्हणून ती मला रिक्षाने बसस्थानकावर सोडायला आली. बस लागली होती. बॅग वर ठेवून मी खिडकीत बसले. ती खाली उभी होती.

"माय विचारत होत्या, ताई पुन्हा कव्हा येणार," ती म्हणाली. "दर पंधरवड्याला दवाखान्यात तूच नेलंस तर बरं होईल म्हणतात. मी सांगितलं, तिला ड्रायव्हिंग स्कूलचं खूप काम असतं, तिला काही जमणार नाही."

"असं सांगितलंस?" मी म्हटलं. "त्यांना सांग, मार्चमध्ये मी मोकळीच आहे."